हजारावा दिवस रविवारी आहे

अवोन्डेल, ऑकलंड
२७ डिसेंबर २००७

प्रिय इरू,

आईचा हजारावा दिवस शनिवारी नाही, रविवारी आहे, सहा जानेवारीला. लेस्तारीबाईंनी आज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार वर्षांची कॅलेंडरं पसरून पुन्हा मोजलं आणि हे नक्की केलं. तू शनिवारी सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं तिकीट काढलं आहेस. ते बदलावं लागेल आणि एक रात्र या घरात राहावं लागेल. आईच्या दिवसवारांपासून तू इथे एकदाही मुक्काम केलेला नाहीस, म्हणून हे फोनवर सांगत नाही. फोनवर तू ‘ओके बाबा’ म्हणशील आणि आपण वेलिंग्टनच्या वाऱ्यावर बोलायला लागू. मराठी वाचायला वेळ लागला तर लागू दे. एखादा शब्द अडला तर सोडून दे, पण शेवटपर्यंत वाच. मोजण्यातली चूक लेस्तारीबाईंची नव्हती. माझी होती.

तू युनिव्हर्सिटीसाठी वेलिंग्टनला गेलीस आणि आईला घर खायला उठलं, तेव्हापासून लेस्तारीबाई या घरात रुळल्या. ओळख मात्र त्याआधीची, आपल्या रविवारच्या बाजारातली. केळीच्या पानांचा शेवटचा गठ्ठा होता आणि त्याला दोघींनी एकदमच हात घातला. आईला गणपतीच्या नैवेद्यासाठी हवा होता, त्यांना समारंभाच्या पिवळ्या भाताच्या डोंगराखाली अंथरायला. भाजीवाल्या टोंगन बाईने विचारलं, तुम्ही बहिणी का? दोघींनी हो म्हटलं आणि मग एकमेकींना नाव विचारलं. गठ्ठा अर्धा अर्धा वाटून घेतला. आई त्यांना ‘बू’ म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडे, जावात, बाई किंवा आई. मला त्या ‘पाक दीना’ म्हणतात. तो मान आहे, पण त्या ज्या सुरात म्हणतात त्यात मान कमी आणि टोमणा जास्त असतो.

त्या भाताच्या डोंगराला जावात बांबूची निमुळती टोपली लागते. त्यांनी आणलेली टोपली विमानतळावर कीड असेल म्हणून टाकून द्यावी लागली होती. आईने मला कामाला लावलं. मी कामावर, पंपहाउसच्या वर्कशॉपमध्ये स्टीलच्या पातळ पत्र्याचा शंकू वळवून दिला. अजून त्यातच भात लावतात, आणि पाहुण्यांना सांगतात, डोंगर जावाचा, साचा पुण्याचा. एकदा मी विचारलं, बांबूचा वास येत नाही, मग चव बदलली असेल ना? म्हणाल्या, बदलली. पहिली दोन वर्षं रडू यायचं, आता गावी गेले की बांबूचा भात खाऊन वाटतं, यात काहीतरी जास्तच आहे.

माणूस गेल्यावर त्यांच्यात तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा दिवस करतात, मग वर्ष, मग दुसरं वर्ष, आणि शेवटी हजारावा. गावी चटयांवर फक्त पुरुष बसायचे, म्हातारे मामा भारदस्त जावानीजमध्ये प्रार्थना म्हणायचे आणि प्रत्येकजण पानात बांधलेलं जेवण घरी न्यायचा. इथे नवरे शिफ्टला असतात, म्हणून बायका पुढे बसतात. जेवण टेकअवेच्या डब्यांतून जातं. मामांची प्रार्थना मोबाइलच्या स्पीकरवरून ऐकू येते, आणि त्यांची मुलगी रत्ना पोरांसाठी तिचा अर्थ इंग्रजीत वाचते. रत्नाला स्वतःला ती भाषा येत नाही. लेस्तारीबाई म्हणतात, मीच शिकवली नाही. वडीलधाऱ्यांशी चुकीच्या शब्दांत बोलली असती तर लोक हसले असते, त्यापेक्षा इंग्रजीत तरी नीट बोलू दे म्हटलं. आता वाटतं, हसले असते तर हसले असते. दिवसही त्या सोयीने सरकवतात. सातवा दिवस मंगळवारी आला तरी इथे तो रविवारी होतो. पण हजारावा सरकवत नाहीत. त्या दिवशी माणूस खरोखर निरोप घेतो, तोपर्यंत आसपास असतो, म्हणतात. निघालेल्या माणसाला तुमचा वीकेंड कसा सांगणार?

आपल्यासाठी त्यांनी हे मोजावं असं मी सांगितलेलं नव्हतं. आईच्या तेराव्याला त्या डबे घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, आमच्यात आता वर्षश्राद्धापर्यंत काही नाही. त्या म्हणाल्या, तुमच्यात नसेल. ती माझी बहीण आहे, बाजारात ठरलंय तसं. मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो. यंदा सप्टेंबरात त्यांच्याकडे कॉफी प्यायला गेलो तर भिंतीवरच्या डेअरीवाल्याच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीचा बारीक टिंब दिसला. मागची कॅलेंडरंही तशीच. एकही दिवस चुकला नव्हता. तुला दिवाळीत हे फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, आय विल कम. तीन वर्षांत मी बोलावल्यावर तू पहिल्यांदा हो म्हणालीस.

शनिवार हा वार कसा निघाला ते सांगतो. दिवाळीच्या आधी रत्ना लॅपटॉप घेऊन बसली होती. तिच्या आईची टिंबं बघून म्हणाली, मॉम, यासाठी वेबसाइट आहे, एका सेकंदात येतं. लेस्तारीबाई म्हणाल्या, एका सेकंदात उत्तर येतं, मग उरलेल्या दिवसांत तू काय करतेस? तरी खुर्ची ओढून शेजारी बसल्याच. रत्नाने तारीख घातली, ११ एप्रिल २००५, सोमवार. खाली एक चौकोन आला. मृत्यू सूर्यास्तानंतर झाला असेल तर इथे खूण करा. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, त्यांच्याकडे सूर्य मावळला की पुढचा दिवस सुरू होतो. रत्ना मान वर न करता म्हणाली, अंकल, फोर ओ’क्लॉक होते ना, सो बिफोर. तिने चौकोन रिकामा ठेवला आणि पाच जानेवारी, शनिवार असं उत्तर आलं. लेस्तारीबाईंनी बोटांवर मोजून मान डोलावली. मी कॉफी संपवली. त्या म्हणाल्या, पाक दीना, आज कॉफीत साखर आहे, मग तोंड असं का?

त्यानंतर सात आठवडे मी तो रिकामा चौकोन घेऊन फिरतो आहे. पंप किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता बंद पडला, हे तीस वर्षं मी मिनिटांसकट लिहीत आलो. एक वेळ मात्र मी खोटी सांगितली. तुला, लेस्तारीबाईंना, पुण्याला, सगळ्यांना. आज सकाळी त्यांच्याकडे गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, चार वाजता नाही. सूर्य मावळल्यावर. त्यांनी खोडरबर शोधलं, शनिवारचं वर्तुळ पुसलं, कॅलेंडरं काढली आणि पहिल्या टिंबापासून मोजायला घेतलं. पाऊण तास लागला. रविवारभोवती वर्तुळ काढून झाल्यावर म्हणाल्या, चौकटीतला दिवस मी बदलला. घरातला तुम्ही बदला. इरूला ठाऊक आहे? मी नाही म्हणालो. मग त्यांनी मला कॉफीसुद्धा विचारली नाही.

तर आता ऐक. त्या सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तू फोन केलास. चारचं विमान पकडू का, असं विचारलंस. मी म्हटलं, नको, ती झोपली आहे, बरी आहे, उद्या सकाळी तुझी मुलाखत आहे ती आटप आणि मग ये. ती झोपलेली नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, येऊ दे ना तिला, चारचं विमान आहे. मी म्हटलं, उद्या येतेय. ती म्हणाली, बरं. तुझ्या मुलाखतीसाठी मी नको म्हटलं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. तसं नव्हतं. डॉक्टरांनी सकाळी मला बाजूला घेऊन मुलीला बोलवा म्हणून सांगितलं होतं. तू दारात दिसलीस की तिला कळेल, आणि मलाही ते खरं मानावं लागेल, याची मला भीती वाटली. माझी भीती मी तुझ्या मुलाखतीवर ढकलली.

आई सात वाजून वीस मिनिटांनी गेली. सूर्य सहाला मावळला होता. चारच्या विमानाने तू पाचला उतरली असतीस आणि सहाच्या आत तिच्याजवळ असतीस. पावणेआठला तुला फोन लावला तेव्हा हे गणित माझ्या डोक्यात आधीच झालेलं होतं, आणि तोंडातून चार निघालं. चार वाजता गेली म्हटलं की ते विमान उशिराचं ठरत होतं. त्यात तुझाही दोष राहत नव्हता आणि माझाही. मग दहाव्या दिवशी तू स्वयंपाकघरात मला म्हणालीस, चार तास, बाबा. तुम्ही मला चार तास सांगितलं नाहीत. मी फ्लॅटमेटबरोबर पास्ता करत होते, गाणी लावली होती, हसत होते, आणि आई नव्हती. तो आरोप मी मुकाट्याने घेतला, कारण खऱ्या आरोपापेक्षा तो लहान होता. त्यानंतर तू या घरात झोपली नाहीस. इरू, तू पास्ता करत होतीस तेव्हा आई होती. तू हसत होतीस तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून पडली होती आणि चहा मागत होती. त्या चार तासांची लाज तुझी नाही, ती मी तुला दिली. ती परत घेतो. तिच्या जागी जे येईल, म्हणजे तू पोचू शकली असतीस हे, त्यावर मात्र माझं नाव लिही. तुझं नको.

आणखी एक आहे, आणि हे तुझ्यापासून ठेवून घेतलं याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. साडेसहाच्या सुमाराला ती बराच वेळ बोलली. आपण इथे आलो तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, आणि वर्षभरात तू आम्हाला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागलीस. जेवताना, गाडीत, बाजारात, आई ‘मराठीत बोल’ म्हणायची आणि तू बोलणंच बंद करायचीस. त्या संध्याकाळी ती म्हणाली, त्या पोरीला मी भाषेवरून फार बोलले. बूने रत्नाला हसतील म्हणून शिकवलं नाही, मी इरू मराठी विसरेल म्हणून तिला घाबरवलं. ती कितीही इंग्रजीत भांडली तरी हाक ‘आई’ अशीच मारायची ना. तिला सांगा, तेवढं मला पुरलं. तिने हे तुला सांगायला सांगितलं होतं, शब्द असेच होते. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, हे कधी म्हणाली? आणि साडेसहा हे उत्तर मी देऊ शकत नव्हतो. एका खोट्या वेळेसाठी मी तुझ्या आईचा निरोप तीन वर्षं खिशात ठेवला.

या पत्राने तू मला माफ करावंस, असं मी मागत नाही. मागतो एवढंच, की तिकीट बदल. जावात हजाराव्या दिवशी कबरीवर कायमचा दगड बसवतात. आपल्याकडे कबर नाही, म्हणून लेस्तारीबाईंनी सुचवलं आहे की मागच्या लिंबाखाली एक दगड ठेवू या, आणि तो लेकीने निवडावा. भाताचा शंकू घासून ठेवला आहे, केळीची पानं या रविवारी बाजारातून आणेन. रत्ना प्रार्थनेचा अर्थ इंग्रजीत वाचणार आहे. तिने विचारलं आहे की आईबद्दल दोन शब्द तू बोलशील का, कुठल्याही भाषेत. मी शनिवारी पाच वाजता विमानतळावर असेन, चारच्या विमानासाठी. त्यात तू नसलीस तर त्यानंतरच्या विमानाची वाट बघेन आणि मग घरी येऊन तांदूळ भिजत घालेन. पाच तारखेला इथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो. लेस्तारीबाईंच्या हिशेबाने आईचा हजारावा दिवस तिथून सुरू होतो. इरू, या वेळी चारचं विमान वेळेत पोचतं.

तुझाच, आणि यापुढे वेळ खरी सांगणारा,
बाबा