व्हर्जिलचा बँजो आणि आईचे स्तोत्र

ज्याच्या कृपेने हा श्वास अजून चालतो, त्या प्रभूची शांती तुझ्या घरावर असो.

प्रिय भगिनी ओर्लीना,

खोकला उतरणीला आहे, असे येथील डॉक्टर म्हणतात. फक्त बसूनच झोपावे लागते. तुझे गुडघे कसे आहेत?

लेकीने इथे तिच्या स्वयंपाकघरात या हंगामातले नवे अल्बम ऐकवले. एका खाणकामगाराच्या विधवेची लोकगीते मनात घर करून राहिली. सर्वांत आवडला तो मात्र तुझ्या लेकाचा, व्हर्जिलचा, ब्लूग्रास या डोंगरी लोकसंगीताचा अल्बम. त्यात त्याने तुझ्या-माझ्या आईचे स्तोत्र बँजोच्या साथीने गायले आहे, आणि त्यासाठीच शनिवारच्या सभेत त्याला चर्चच्या मंडळीतून काढणार, असे तू कळवलेस.

मी डोळे पुसत होतो, तोच लेक म्हणाली, "बाबा, देवळात बँजो म्हणजे पाप, आणि माझ्या स्वयंपाकघरात पुण्य होय?"

"गप गं. दावीद राजाही वीणा वाजवीत असे."

"मग हे तिकडे सभेत सांगा की! मला कशाला?"

तिचे खरे आहे. पण प्रवास आता या देहास झेपणार नाही. म्हणून हे पत्र तूच सभेत वाच. देवळात वाद्य नको, हा नियम राहो. परंतु बाहेर गायलेल्या स्तोत्रापायी पोराला तोडू नका. माझ्या दफनाला एकेक ओळ आधी म्हणून सर्वांकडून गाऊन घेणारा व्हर्जिलच हवा, आणि मंडळीबाहेरच्यास तो अधिकार नसतो.

तुझा थोरला भाऊ,
एलायजा

हे वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी, शेवटच्या दिवशी, गाणारे कोणीतरी उरो.