तुझ्यासाठी वेगळा केक

प्रिय खारूताई,

बदामाला न शिवणारी जगातली एकमेव खारूताई तू! फोन सोडून पत्र कसलं लिहितोय, असं वाटेल तुला. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू "काडेपेटी, आधी विझ" म्हणून ठेवून देतेस. आज मला नीट बोलायचंय. माझी ताई दुपारच्या पाळीला जाताना हे तुझ्या हातात देईल.

उद्या नाताळ, आणि उद्या तू पहिल्यांदाच आमच्या घरी येणार, म्हणून नुसती धांदल उडाली आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे तारे करून मी खिडकीत टांगले. बाबा म्हणाले, "हे तारे आहेत की गाडीखाली आलेले खेकडे?" आईने तुझ्यासाठी लाल लोकरीचा मोजा विणलाय. आमच्या चौघांच्या मोज्यांशेजारी तो पाचवा लटकतोय. येताजाता मी त्याच्याकडे बघून हसतो, तर ताई म्हणते, "पुरे, दृष्ट लावशील मोज्याला."

हसतो खरा, पण आठवडाभर पाचावर धारण बसली आहे माझी. कॉलेजच्या कॅन्टीनमधला तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. बिस्किटाचा एवढासा तुकडा, आणि तुझे ओठ सुजले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात नेताना तू माझं मनगट घट्ट धरलं होतंस आणि ती पकड हळूहळू सैल होत चालली होती. अजूनही सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना मधेच मनगटाकडे लक्ष जातं. "बदामबिदाम काही नाही यात" असं छातीठोक सांगणाऱ्या त्या कॅन्टीनवाल्याच्या बरण्या मी फोडल्या, प्राचार्य म्हणाले माफी माग, मी कॉलेजच सोडलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

म्हणून घरी आधीच बजावलं होतं, तिच्यासाठी वेगळा केक, आणि तो मी करणार. नवं भांडं आणलं, नवा चमचा आणला. मैदा मीच चाळला, लोणी मीच फेटलं, हात भरून आले. घरच्या केकचे बदाम आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चिरत होती. मिश्रण तयार झालं आणि नेमकं दुकानातून बोलावणं आलं. आई म्हणाली, "जा तू, मी लावते ओव्हनला."

परत आलो तर केक काय सुरेख फुगला होता! आई कौतुकाने म्हणाली, "कोरडा झाला असता रे तुझा. मूठभर बदाम घातले मी. तोंड कशाला पाडतोस? पिठासारखे दळलेत. दाणा अडकतो ना पोरीच्या घशात? आता नाही अडकायचा."

अडकतो! मी इतके दिवस घसा फोडून सांगत होतो आणि तिला एवढंच कळलं होतं. मायेनं दळले गं तिने, मिक्सर पुन्हा पुन्हा फिरवून. एरवी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. आज हातपाय गार पडले. मी खाली बसून तिला सगळं हळू आवाजात सांगितलं, ती शिट्टीसुद्धा. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला. उठून तिने अख्खा केक कचऱ्यात टाकला, डोळे पुसले, पुन्हा मैदा काढला. आणि मग, काही मनात नसताना, बदामाचेच हात ॲप्रनला पुसून त्याच ॲप्रनने तिने तुझ्यासाठी काढून ठेवलेला कप पुसला. तेव्हापासून मला घरभर तेच दिसतंय. टेबलावर, दाराच्या कडीवर, आईच्या बोटांवर. ती तुला दारातच जवळ घेणार, गालांवरून हात फिरवणार.

म्हणून हे लिहायला बसलो. उद्या येऊ नकोस. पर्समध्ये इंजेक्शन असतं, म्हणशील. असू दे, पण ते काढायची वेळ माझ्या घरात यायला नको. आईला सांगितलंय मी. रुसली नाही ती, माझ्याइतकीच घाबरली आहे. घर आम्ही धुऊनपुसून काढू, मग बोलावू. उद्या मीच येतो, अंघोळ करून, वेगळे धुतलेले कपडे घालून, रिकाम्या हाताने. दार उघडण्याआधी मला विचार, काय खाऊन आलास. लाजू नकोस, पुन्हा विचार. उत्तर देताना मी जरा जरी अडखळलो, तर कडी काढू नकोस. मी बाहेर पायरीवर बसेन, तू आतून दाराला टेकून बस. बोलू दिवसभर.

तुझाच, उद्या उपाशीपोटी येणारा,
काडेपेटी