एकाहत्तर टक्के

वलगाव, जि. अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनी हिला मोठ्या बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यासारख्या कम्प्युटरवालीला पत्र लिहितो म्हणून तू हसतेस. हस. फोनवर तू अर्ध्या वाक्यात मीटिंग आहे म्हणून पळतेस, कागदाला ते जमत नाही. आणि आजची बातमी तुझ्याच कर्तबगारीची आहे.

दिवाळीत तू विहिरींवर सोलरवर चालणारे कॅमेरे बसवून दिलेस, त्यांनी चोर धरला. दुपारी लाइन गेली की मोटारीची केबल कापून न्यायचा, तोच. तुझी मशीन आदल्या दिवशीचं चित्रीकरण तपासून दुसऱ्या दिवशी निकाल पाठवते ना, तसा काल ऐन बाजारात सगळ्यांच्या फोनवर फोटो आला. खाली नाव, गोवर्धन, ७१ टक्के. आपल्या शेजारचा तुकडा ठेक्याने करतो आणि वांगी, मेथी विकतो, तो गोवर्धन. खोटं कशाला सांगू, मी जरा थबकलो. फोटोत तोंडाला अर्धा दुपट्टा होता. पण तुझा भाऊ गोपाल ओरडला, "एकाहत्तर म्हणजे फर्स्ट क्लास झाला, अजून काय पायजे तुमाले?" मग कोण थांबतं?

केस धरून त्याला दुकानावरून ओढला. त्याच्याच तराजूतलं दोन किलोचं वजन त्याच्या बोटांवर घातलं. कोणी बैलगाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसून आणली, तिने बरगड्या मोडल्या. मी नाही, मी नाही म्हणत होता तोवर मारलं, हो म्हणाला तरी मारलं आणि गप्प झाला तरी मारलं. माझ्याही दोन काठ्या पडल्या. त्याची बायको बेबीताई आडवी आली, तिचं डोकं फुटलं. आता तो अमरावतीला दवाखान्यात आहे.

एक विचारायचं होतं. हे टक्के पुढे वाढतात का? अचलपूरचे पाहुणेही अशी मशीन मागत आहेत. येशील तेव्हा पुरणपोळी करायला तुझ्या मोठ्या आईला सांगून ठेवलं आहे. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
खुशालराव

•

अकोला
१७ फेब्रुवारी २०२५

ती. मोठ्या बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. मला पुरणपोळी नको.

ते मार्क नव्हते, मोठे बाबा. मशीन पास-नापास करत नाही. तिच्याकडे जेवढे चेहरे असतात, त्यांतला सगळ्यात जवळचा ती दाखवते. चोर त्या यादीत नसला तरी ती कुणाला तरी दाखवणारच. आणि यादीत होते कोण? गोपालने गोळा केलेले त्रेचाळीस फोटो, सगळे मजुरांचे आणि ठेकेवाल्यांचे. शेतमालकांनी फोटो दिलेच नाहीत. आम्ही का चोर आहोत, असं तुम्हीच मला ओट्यावर बसून सुनावलं होतं. म्हणजे ती मशीन नाव घेणार होती ते गरिबाचंच. हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. मी शिकलेली आहे, या कामाचा पगार घेते, तरी कळलं नाही.

पत्र आल्यापासून ऑफिसातल्या नव्या मुलांना मी तेच सांगते आहे. आज जो तो प्रत्येक गोष्टीत एआय घालायला धावतो, तुम्हीही घालाल. पण यादी अर्धी असेल तर काम सुरूच करू नका. "यांच्यापैकी कोणीच नाही" असं म्हणायची सोय मशीनला आधी द्या. नाव सगळ्या गावाच्या फोनवर पाठवू नका. आधी एका समजदार माणसाने डोळ्यांनी पाहावं. आणि आकडा दाखवताना वाचणारा त्याचा काय अर्थ घेईल ते विचारा. मुलं वहीत लिहून घेतात. मी यातलं एकही केलं नव्हतं, हे त्यांना माहीत नाही.

मशीन मी इथून बंद केली आहे, चित्रीकरण मात्र माझ्याकडे पूर्ण आहे. आपल्या घरच्या, रूपालीताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये आपल्या आणि आजूबाजूच्या घरांतले सगळे पुरुष आहेत. ते फोटो घालून मी पुन्हा तपासणार आहे. तोवर गोवर्धनकाकांना कोणी हात लावू नये, एवढं तुम्ही बघा. तुमच्यावर माझी माया आहे म्हणूनच इतकं तोंड सोडलं.

आपली,
दामिनी

•

वलगाव
२२ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनी हिला आशीर्वाद. वि. वि.

आता पत्रच लिहावं लागेल, पोलिसांनी सगळ्यांचे फोन नेले आहेत.

तू फार शिकलीस. गोवर्धनने सगळं कबूल केलं होतं. चौथं बोट ठेचल्यावर केलं, पण केलं ना? परवा बेबीताई डोक्याला पट्टी बांधून आपल्या दारात येऊन बसली. नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसा म्हणाली. गोपालने तिला पायरीवरून ढकललं. मग पोरांनी जाऊन तिची वांगी उपटली, मेथीच्या वाफ्यांतून ट्रॅक्टर फिरवला. हे मला आवडलं नाही. मी गोपालला बोललो, तर तो माझ्याच अंगावर धावून आला. तुझी मोठी आई त्या दिवसापासून आमच्याशी बोलत नाही, फक्त ताट वाढते.

घरच्या माणसांचे फोटो तू मशिनीत घालायचे नाहीत. हा माझा हुकूम समज. जे चित्रीकरण आहे ते पुसून टाक. मशीन बिघडली म्हणून सांग, मशिनी बिघडतातच. तुझ्या बापाच्या माघारी तुला मी शिकवलं, एवढंच लक्षात असू दे.

खुशालराव

•

अकोला
१ मार्च २०२५

ती. मोठ्या आईला शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. तिकडे येणाऱ्या शालूमावशीच्या हाती पाठवते आहे.

गोवर्धनकाका बुधवारी दवाखान्यातच वारले, हे तुला कळलंच असेल. खांदा द्यायला गावातलं कोणी आलं नाही. गाव अजून त्यांना चोरच म्हणतं.

मी अल्बमचे फोटो घातले. मशीनने दुसरं नाव दिलं. यावेळी मी तिच्या आकड्याकडे पाहिलं नाही, ते चित्रीकरण स्वतः नऊ वेळा पाहिलं. केबल कापल्यावर तो माणूस विहिरीच्या काठावर बसतो, दुपट्टा सोडतो आणि पाणी पितो. मोठी आई, तो गोपाल आहे. फोटो गोळा करणाराही तोच होता आणि फर्स्ट क्लास म्हणून ओरडणाराही तोच. मी त्याला राखी बांधते गं.

चित्रीकरण, ती यादी आणि माझी चूक, सगळं लिहून काल मी अमरावतीला ठाण्यात दिलं. फौजदार म्हणाले की मशीनचं सांगणं पुरणार नाही, नीट ओळखणाऱ्या माणसाने पाहून सांगावं. मी सांगितलं. पण मी वर्षातून दोनदा येणारी, वकील मला सहज खोटं पाडेल. तू ये असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणायची हिंमत नाही. तुला कळल्यावाचून राहू नये एवढ्यासाठी लिहिलं. रागावलीस तरी मनातून काढू नकोस.

तुझी,
दामिनी

•

वलगाव
९ मार्च २०२५

चि. दामिनीस मोठ्या आईचे आशीर्वाद. वि. वि.

माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. उजवा हात सुजला आहे. तुझं पत्र मी यांच्यापुढे ठेवलं. यांनी ते फाडलं आणि मला दाराच्या आगळीने मारलं. गोपाल बाजूला उभा होता. त्याने बापाचा हात धरला नाही.

सकाळी मी बेबीताईकडे गेले. ती दार उघडेना. मी बाहेर बसून राहिले. उन्हं वर आल्यावर तिने पाणी दिलं. मग आम्ही दोघी अमरावतीच्या बसमध्ये बसलो.

ठाण्यात त्यांनी मला विहिरीवरचं चित्रीकरण दाखवलं. मी एकदाच पाहिलं आणि म्हटलं, "हा माहा पोरगा आहे, गोपाल." बेबीताईने माझ्याकडे पाहिलं नाही. फौजदारांनी गोवर्धनच्या नावापुढचं चोर खोडलं. ते तिला वाचून दाखवायला मी लावलं.

मग कोणाच्या तरी फोनमधला बाजाराचा व्हिडिओ लावला आणि यातले कोण कोण ओळखता असं विचारलं. काठीवाल्याचं नाव मी पहिलं सांगितलं. यांनी तुला दोन काठ्या लिहिल्याचं मला वाचून दाखवलं होतं, मी अकरा मोजल्या. उभारी गोपालच्या हातात होती. मेथीच्या ढिगामागे एक बाई भाजीची पिशवी धरून उभी आहे. सगळं होईस्तोवर ती हलत नाही, ओरडत नाही, पिशवीसुद्धा खाली ठेवत नाही. फौजदारांनी ती कोण म्हणून विचारलं नव्हतं. मी सांगितलं, ती मी आहे. तेही त्यांनी लिहून घेतलं.

तुझ्यावर माझा राग नाही. जेवत जा.

तुझी मोठी आई,
कौशल्या