चारशे पस्तीसच्या अलीकडे

आई, गच्चीवरची तुझी खोली इतकी वर्षं बंदच होती. यंदा पत्रे बदलायचे म्हणून रिकामी केली, तर तुझी अँटेना सापडली. काटोलहून आलेल्या संत्र्यांच्या पेटीची फळी आणि तिच्यावर जुन्या स्टीलच्या टेपचे तुकडे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तू हौशी रेडिओचा परवाना काढलास. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचा आवाज स्वतः बनवलेल्या अँटेनावर ऐकायचा, एवढंच तुझ्या मनात होतं.

अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीला बसली आहे हे दाखवणारा हातातला अ‍ॅनालायझर मी तुला आणून दिला. तू त्याला मीटर म्हणायचीस. तुझा उपग्रह चारशे पस्तीस मेगाहर्ट्‌झवर बोलायचा. एकदा मी हिंगण्याच्या कारखान्यात ड्युटीवर आहे, मशीनचा आवाज चालू आहे आणि तुझा फोन येतो.

"चारशे पस्तीस टाकलं का आकडा मागंच येते गा. काहून होऊन राहिलं असं?"

"पुस्तिका वाच ना, आई."

"चिनी आहे ते. तुले येते का वाचता?"

"मग तुझंच काहीतरी चुकत असेल. हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही."

तू म्हणालीस, "हो, तसंच होते आता मले."

त्या दिवसांत तू चहात दोनदा साखर घालायचीस, चष्मा शोधत घरभर फिरायचीस, आणि त्यावर स्वतःच हसायचीस. त्या फोननंतर हसणं थांबलं. अँटेना खोलीत गेली.

नववीत तू मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतंस. तुझ्याच विज्ञानाच्या तासाला मी प्रयोगशाळेतला मीटर जाळला होता. "आधी मीटरची रेंज पाहावी, तो किती आकड्यापर्यंत मोजतो ते, मग तारा जोडाव्या," असं तू दरवर्षी प्रत्येक वर्गाला सांगायचीस. पण मुलानं आणलेल्या मीटरची रेंज तू पाहिली नाहीस. मीही विकत घेताना पाहिली नव्हती.

परवा मी चारशे पस्तीसच्याही वर मोजणारा एक अ‍ॅनालायझर मागून आणला आणि तुझी अँटेना गच्चीवर धरून तपासली. पडद्यावरची रेघ चारशे पस्तीसलाच खाली उतरली, म्हणजे अँटेना बरोबर तिथेच बसली होती. तुझं काहीच चुकलं नव्हतं.

पण हे मला परवा कळलं नाही, आई. तू वापरत नाहीस म्हणून तो मीटर मी कारखान्यात नेला होता. टेस्टिंगमधला सोबती तो उलटा करून म्हणाला, "भाऊ, हा दोनशे तीसच्या वर जातच नाही. सॅटेलाइटसाठी काहून घेतला?" तेव्हा तू अजून होतीस. त्याच संध्याकाळी घरी आलो, तर तू गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा पाहत होतीस.

"बंद आहे," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.