विमानतळाकडचं घर

प्रिय अंबरुश,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही, मनावर घेऊ नकोस. आई शेजारीच बसली होती. तिचं बरं चाललंय, गुडघे सोडले तर. यंदा जर्दाळू लगडले होते, दोन दिवस मुरंबाच घालत होतो. विमानतळाची अर्धी जमीन ग्रामपंचायतीनं एका कंपनीला दिली. तिथं आता सौरऊर्जेच्या काळ्या पाट्या लावल्यात. उरलेल्या धावपट्टीवर सुटीच्या दिवशी पोरं गाड्या पळवतात. सिमेंटच्या भेगांतून बाभळीची झाडं उगवली आहेत. आणखी काही वर्षांनी तिथं विमानं उतरायची हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

ती सगळी जमीन एके काळी आपल्या होमोकद गावाचं गायरान होती, हे तुला बाबांनी सांगितलंच असेल. आधी आपल्या सैन्यानं ती घेतली, मग जर्मन आले, मग रशियन. प्रत्येकानं धावपट्टी थोडी लांब केली आणि कुंपण गावाकडे थोडं सरकवलं. रशियन सगळ्यात जास्त राहिले. त्यांच्या विमानांचं इंधन जमिनीत मुरून आपल्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास यायचा, आठवतं? रुद्यीमामा बादलीभर उपसून वरचा तवंग गोळा करायचा आणि हसत म्हणायचा, "घ्या, सोव्हिएत दोस्ताची भेट!" त्यावर तो ट्रॅक्टर चालवायचा. रशियन गेले तेव्हा खिडक्यांच्या चौकटी, संडासाची भांडीसुद्धा काढून घेऊन गेले. तू तेव्हा सतराचा होतास. अक्रोडाच्या झाडावर चढून शेवटची विमानं जाताना पाहिलीस आणि रडलास. आई खाली उभी राहून तुझ्याकडे बघत होती. तिनं तुला कधी झाडावरून उतरवलं नाही. विमानांच्या दुरुस्तीचं शिकायला कॅनडाला निघालास तेव्हाही अडवलं नाही. पिशवीत सॉसेज भरून दिले, बस्स.

गेल्या महिन्यात एक बाई आली होती. रशियन, साठीच्या आसपासची, हातात प्लास्टिकची पिशवी. आधी विमानतळावर फिरून आली, मग दुकानात गेली. तिनं काय विचारलं ते दुकानातल्या मार्गितला कळलं नाही, पण एक साल आणि एक नाव कळलं. त्यावर दुकानातले सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. शेवटी मार्गितनं आमच्या घराकडे बोट दाखवलं.

शाळेत आठ वर्षं सक्तीनं रशियन शिकलो, त्या दिवशी ती पहिल्यांदा कामी आली. बाईचं नाव नीना. तिचा थोरला भाऊ ग्लेब इथं वैमानिक होता. त्र्याहत्तर साली घरच्यांना कळवलं गेलं की सरावात तो समुद्रात पडला, हाती काही लागलं नाही. तिची आई दर वर्षी समुद्रावर जाऊन फुलं सोडायची. ती वारल्यावर ग्लेबच्या एका जुन्या सोबत्यानं नीनाला खरं सांगितलं, की समुद्र नव्हताच, होमोकद होतं.

मी हे आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग तिला, गॅसची टाकी फुटली होती."

मी सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं आपली बहीण शारी कशी गेली, असं कुणी विचारलं की मीही हेच सांगत आले. तुलाही हेच सांगितलं. तेवढ्यात आईनं सुरी खाली ठेवली.

"थांब. तसं नको सांगू. विमान होतं म्हणावं."

अंबरुश, हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात त्या अर्थानं कधीच उच्चारला गेला नव्हता. मला वाटलं होतं, तो उच्चारला की छप्पर खाली येईल. काहीच झालं नाही. चुलीवरचं भांडं उकळत राहिलं.

तू तेव्हा जन्माला यायचा होतास. मी तिसरीत होते. शाळेच्या खिडक्या हादरल्या, बाहेर काळा धूर दिसला. बाई म्हणाल्या, "लिहा, लिहा, थांबू नका." मी लिहीत राहिले. चार वर्षांची शारी घरात दुपारची झोपली होती. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचा एक माणूस आणि एक रशियन अधिकारी आले. आपला तो माणूस बाबांना म्हणाला, "गॅसची टाकी फुटली, असंच म्हणायचं. तुमच्याही भल्याचं आहे." रशियन सैनिकांनी दोन-तीन महिन्यांत नवं घर बांधून दिलं. तू जन्मलास ते, मी आत्ता बसले आहे ते. बाबा पुन्हा विमानतळावर बॉयलरमध्ये कोळसा टाकायला जाऊ लागले. रशियन जाईपर्यंत जात राहिले. दुसरं काम नव्हतं. सगळ्या गावानं विमान पडताना पाहिलं होतं आणि सगळं गाव गॅस म्हणत राहिलं. आपल्या घरात तेव्हा गॅस नव्हताच रे. आई लाकडावर रांधायची.

नीनानं एकच गोष्ट विचारली. "शेवटी त्यानं विमान वळवायचा प्रयत्न केला होता का? गाव वाचवायला?"

आई हो म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? तिनं बटाट्याची सालं गोळा केली. मग म्हणाली, "मला नाही माहीत, बाई. मी मागे कपडे वाळत घालत होते. आवाज आला, वळले, तर घर नव्हतं. खोटं सांगितलं तर तुला बरं वाटेल, पण खोटं फार झालं आता."

मी शब्दाला शब्द सांगितलं. नीना रडली नाही. म्हणाली, "तुमच्या लेकीची माफी मागायला आले होते."

"तू कशाला मागतेस? तू थोडीच उडवत होतीस!" आईनं वाडगा भरून तिच्यापुढे सरकवला. "माझ्या नवऱ्यानं अठरा वर्षं तुमच्या लोकांना ऊब दिली. तू निदान गरम सूप घे. वाळलीयेस किती."

नीनानं घेवड्याचं सूप खाल्लं, ब्रेडनं वाडगा पुसून घेतला. मग आम्ही तिघी स्मशानात गेलो. शारीच्या थडग्याशेजारी ती उभी राहिली, पिशवीतली अर्धी फुलं तिथं ठेवली. उरलेली भावासाठी होती, ती कुठं ठेवायची ते तिला कळेना. आईनं ती तिच्या हातातून घेतली आणि तिथंच ठेवली. मला काही वाटलं का, तू विचारशील. नाही वाटलं. घरी येऊन मी भांडी घासली. अजूनही काही वाटत नाही, म्हणून तर तुला लिहायला इतके दिवस लागले.

लिहायला आईनंच सांगितलं. फोनवर नको म्हणाली, ते शेजारी बसून ऐकणं तिला सोसणार नाही. मी विचारलं, त्याला का सांगायचं, तो तिकडे सुखात आहे, विमानांवर त्याचं पोट आहे. तर म्हणाली, "अगं, त्याच्याकडे गेले होते तेव्हा पाहिलं ना. घरात गॅस घेत नाही. बायकोला घेऊ देत नाही. कुणाकडे गेला की निघताना त्यांचा गॅस बंद आहे का बघून येतो. पोरगा पन्नाशीकडे चाललाय आणि मी सांगितलेल्या खोट्याला भितोय. लिही त्याला. गॅसला भिऊ नकोस म्हणावं. गॅसनं आपलं काही केलेलं नाही."

तुझीच ताई,
अरांका