गाडीचा लाल दिवा

करावे, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९५

आज जीव पार थकला. माझ्या लेकीला, सुमनला आठवा महिना लागलाय. उद्या तिला उरणहून बाळंतपनाला आनायचं, आनि गाडीतला बॅटरीचा लाल दिवा कालपासून विझत नाय. दिरानं बॅटरी नवी घातली. तरी लालच. वाटेत बंद पडली तर पोरीला घेऊन कुठं बसू?

संध्याकाळी मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. "इंजिनाच्या पट्ट्याला तेल कुनी लावलं? पट्टा घसरतोय, बॅटरी चार्ज कशी होनार?"

दीर हळूच म्हनाले, "काल पूजा करताना मीच लावलं. खोबरेल. लय करकरत होता."

मला हसूच आलं. म्हनलं, "भावजी, मंग वेनीपन माळायची ना त्याला!"

मेकॅनिकपन हसला. नवा पट्टा चढवून गाडी चालू केली, आनि दिवा गेला. मागच्या सीटवर सुमनसाठी उशी ठेवली, नि त्याच उशीवर डोकं टेकून मीच बसून राहिले.