लस टोचली आणि बसायची सोय गेली

म्हणजे दादा, पुन्हा तेच! "सिगारेट आपल्या रक्तातच आहे, बाबांची होती, माझी आहे, तुझी काय सुटणार!" म्हणतोस. (नमस्कार राहिलाच, तो आधी घे. वहिनीलाही सांग. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव, पण तिला विचारून. तुझ्या मनाने नको.) तर माझं रक्त तपासून झालंय. ज्या हॉस्पिटलच्या धुलाईत मी चादरी पिळतो, तिथेच सिगारेट सोडवायची नवी लस माणसांवर करून बघतायत. आधी रक्त काढून खोड पिढीजात आहे का ते बघतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्यात तसलं काहीच नाही. बाबांना फुकट बदनाम केलंस.

मग लागली कुठून? इथे दहा तास उभं राहायचं, स्टूल नाही. फक्त ओढणाऱ्यांना अकरा वाजता मागच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं मिळतात. पहिला महिना तसाच काढला. दुसऱ्यात पाय सुजले आणि पाकीट घेतलं. (इस्त्रीवाल्या मावशींनी जन्मात झुरका मारला नाही, पण पंधरा वर्षं रोज एक पेटवून नुसती हातात धरून बसतात. मी मेला प्रामाणिक, ओढत बसलो.)

लस मात्र अस्सल निघाली. तीन सुयांनंतर धूर छातीत जातो, डोक्याला पोचतच नाही. ओली चादर चावल्यासारखं लागतं. सुटली! दुसऱ्या दिवशी ऐटीत रिकाम्या हातांनी पायरीवर टेकलो, तर मुकादम हजर. "धूर कुठाय?" म्हटलं, सोडली. "शाबास! मग बसलास कशाला? ऊठ, गाडा भरलाय." मावशी म्हणाल्या, "अरे येड्या, सुटली तर सुटली, बोंबलत कशाला सुटलास?" आठ दिवस पायांनी दम काढला, मग मुकादमाला सांगितलं, पुन्हा लागली. त्याने पाठ थोपटली. "वाटलंच होतं. एकेकाच्या रक्तातच असतं."

तुझा धाकटा

ता. क. खरं काम हे, की लसवाल्यांना आता माझा सख्खा भाऊही हवाय. गाडीभाडं देतात. फोनवर तू दोन शब्दांमागे एकदा खोकतोस आणि मागे आई गप्प होते, ते मला इथे ऐकू येतं. ये रे. सुटली तरी तुझी काही दहा मिनिटं बुडणार नाहीत, तू बसूनच असतोस.

आणखी एक. सुटलीच तर सिगारेटचे वाचलेले पैसे पाठव म्हणालास. पेटवून धरायला रोज एक लागतेच. ती वजा जाता, चार हजार सातशे दहा रुपये पाठवतोय.